फोंड्यातला 'अमेरिकेतले पक्ष' क्लास : सहा शनिवार, बाराशे रुपये, वसूल झाले का?

आधीच सांगतो, मी काय राज्यशास्त्रवाला नाही. गोव्यात कुंडईला एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे, शनिवारी दोनला सुटतो आणि घरी येऊन आडवा होतो, एवढाच माझा शनिवार. पण २०२४ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर जो धुरळा उडाला तेव्हा कळलं की आपल्याला यातलं ओ की ठो समजत नाही. भाचा टेक्सासला असतो, तो लिहायचा प्रायमरी, डेलिगेट, कॉकस, आणि मी नुसता खालून अंगठा टाकून मोकळा. त्यामुळे वरच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात कागद चिकटवलेला दिसला, 'अमेरिकेतले राजकीय पक्ष कसे चालतात, मराठीतून, सहा शनिवार, ४ ते ६, फी १२००', तेव्हा नंबर फिरवला. बायको म्हणाली, इथले पक्ष कळले का आधी? तिचा मुद्दा बरोबर होता पण फी भरून झाली होती.

जागा म्हणजे जुन्या इमारतीचा पहिला मजला, लाकडी जिना, अरुंद, पावसात ओला असला की कठड्याला धरूनच चढायचं. वीस-बावीस प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे, त्यातला एक फिरतो आणि दुसरा आवाज करतो. पार्किंगचं नाव काढू नका, फोंड्यात शनिवारी संध्याकाळी चारला गाडी लावायची म्हणजे काय ते फोंडेकरांना सांगायला नको. मी दोन वेळा खाली बस स्टँडकडे लावून चालत वर आलो. शिकवणारे सर म्हणजे रिटायर्ड हायस्कूल मास्तर, मुलगा न्यू जर्सीला, तिकडे सहा-सहा महिने राहून आलेले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

पहिला शनिवार थोडा शाळेसारखाच गेला. राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही, १७८७ साली ज्यांनी ती लिहिली त्यांना पक्ष म्हणजे भानगड वाटायची, वॉशिंग्टनने १७९६ च्या निरोपाच्या संदेशात गटबाजीपासून सांभाळा म्हणून बजावलं, आणि तो खुर्चीवरून उतरायच्या आधीच त्याच्याच मंत्रिमंडळातले हॅमिल्टन आणि जेफरसन दोन तट करून बसले होते. मग जॅक्सनचे डेमोक्रॅट १८२८ च्या सुमारास, गुलामगिरी वाढू द्यायची नाही म्हणून १८५४ मध्ये रिपब्लिकन, १८६० ला लिंकन. हे सगळं कुठेही मिळतं. मला आवडलं ते सरांनी जाता जाता सांगितलेलं, की आपल्या घटनेतही पक्ष हा शब्द पक्षांतरबंदीच्या निमित्ताने आला, १९८५ मध्ये दहावं परिशिष्ट आलं तेव्हा. म्हणजे आपल्या घटनेने पक्षाला ओळखलं ते थेट तो फुटायला लागल्यावर.

खरा क्लास सुरू झाला दुसऱ्या शनिवारी, आणि त्याचं श्रेय सरांइतकंच मागच्या रांगेतल्या एका माजी पंचांना. प्रियोळकडचे गृहस्थ, साठीचे, पंचायतीत दोन टर्म काढलेले, कशासाठी आले होते देव जाणे. सर पक्षाची रचना फळ्यावर काढत होते, नॅशनल कमिटी, राज्याची कमिटी, काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) कमिटी, अशा चौकटी. पंच बाबांनी हात वर केला आणि विचारलं, "तें सगळें सोड सर, तिकेट कोण दिता?"

सर म्हणाले, कोणीच देत नाही.

यावर वर्गात जी शांतता झाली ना, त्या शांततेचेच बाराशे रुपये म्हणा. कारण आपल्याकडे पक्ष म्हणजे तिकीट हो! तिकीट दिल्लीहून येतं, यादी रात्री अकराला लागते, ज्याचं कापलं तो सकाळी बंडखोर. आणि हा माणूस सांगतोय की तिकडे पक्षाच्या अध्यक्षाला एका साध्या आमदाराचं तिकीट कापता येत नाही. पक्षाची उमेदवारी हवी असेल तर फॉर्म भरायचा, सह्या गोळा करायच्या किंवा फी भरायची, आणि प्रायमरीत उभं राहायचं. प्रायमरी म्हणजे निवडणुकीच्या आधीची निवडणूक, बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते, सरकारी खर्चाने, आणि मत देतो तो त्या पक्षाचा साधा मतदार. तो पक्षाचा मेंबर कसा होतो? मतदार नोंदणीच्या फॉर्मवर एका खुणेने. वर्गणी नाही, पावती नाही. काही राज्यांत, म्हणजे टेक्सास किंवा व्हर्जिनियासारख्या, तीही नोंदणी नसते, त्या दिवशी जाऊन कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत मत देणार ते सांगायचं, बस. (भाच्याला विचारलं, तो म्हणाला हो मामा, असंच असतं, मी कधी सांगितलं नाही का? नाही रे बाबा.)

हे पूर्वीपासून असं नव्हतं, आणि हा भाग सरांनी फार छान रंगवला. आधी पक्षाचे दादा लोक बंद खोलीत बसून ठरवायचे, न्यूयॉर्कला टॅमनी हॉल नावाची डेमोक्रॅट मंडळींची यंत्रणा होती, नोकरी देणार, अडीनडीला कोळसा देणार, बदल्यात मत घेणार. आमच्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा पुटपुटला, ह्यात नवीन काय. मग १९६८ साल. व्हिएतनाम पेटलेलं, शिकागोला डेमोक्रॅटचं अधिवेशन, बाहेर पोलीस पोरांना बडवतायत आणि आत उमेदवारी मिळाली ह्युबर्ट हम्फ्रीला, ज्याने एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. तो निक्सनकडून हरला. त्यानंतर पक्षाने स्वतःच नियम बदलले आणि १९७२ पासून राष्ट्राध्यक्षाचा उमेदवार खरोखर प्रायमरीतून आणि कॉकसमधून (म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभांमधून) ठरायला लागला. रिपब्लिकनही त्याच वाटेने गेले, कारण अनेक राज्यांनी प्रायमरीचे कायदेच करून टाकले.

परिणाम काय? २०१६ मध्ये ट्रम्प. पक्षातले जुने जाणते नको नको म्हणत होते, मिट रॉमनीने, जो चार वर्षांपूर्वी त्याच पक्षाचा उमेदवार होता, उघड भाषण करून विरोध केला, आणि तरी कुठलंही पद कधी न भूषवलेला माणूस पक्ष घेऊन गेला. दुसऱ्या बाजूला बर्नी सँडर्स, सिनेटमध्ये अपक्ष म्हणून निवडून येणारा, तो २०१६ आणि २०२० ला डेमोक्रॅटच्या प्रायमरीत उतरला आणि चांगली टक्कर दिली. आपल्याकडे एखादा अपक्ष आमदार जाऊन म्हणाला की तुमच्या पक्षाचा मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार मीच, तर त्याला आधी पाणी देतील आणि मग रिक्षा बोलावतील. आणि एरिक कँटर! हा माणूस २०१४ मध्ये हाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, बहुमतवाल्या रिपब्लिकनांचा नेता, पुढचा स्पीकर म्हणून लोक बघत होते, आणि व्हर्जिनियातल्या स्वतःच्या मतदारसंघात प्रायमरीत हरला एका इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापकाकडून, ज्याच्याकडे कँटरच्या मानाने चिल्लर होती.

पंच बाब हे सगळं ऐकून म्हणाले, "मगीर पक्ष कित्याक जाय?" (मग पक्ष हवाच कशाला?)

सरांनी याचं उत्तर लगेच दिलं नाही, पुढच्या शनिवारी दिलं, आणि ते मला अर्धंच पटलं. म्हणाले पक्ष म्हणजे तिकडे पाटी. दुकान उमेदवाराचं, भांडवल उमेदवाराने जमवलेलं, माणसं त्याची, फक्त पाटी पक्षाची, आणि मतदार पाटी बघून आत येतो. बरं. पण मग सर स्वतःच न्यू जर्सीची गोष्ट सांगून बसले, की तिथे २०२४ पर्यंत बहुतेक काउंटींत पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी ज्यांना पसंती दिली ते सगळे मतपत्रिकेवर एका ओळीत एकाखाली एक आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात फेकलेले, त्यामुळे प्रायमरी असूनही निकाल पुढाऱ्यांच्या खिशात. २०२४ मध्ये अँडी किम नावाचा उमेदवार कोर्टात गेला, कोर्टाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली, आणि किम पुढे सिनेटर झाला. मुलाच्या घरी आलेली नमुना मतपत्रिका सरांनी जपून ठेवली होती, ती वर्गात फिरवली. ती हातात घेऊन बघितल्यावर माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला तो तीन चौकटी काढून पडला नसता. आणि पाटीवाली गोष्ट तिथेच डळमळली, कारण पाटी लावायची कुठे हे ठरवणारे हात शिल्लक होतेच. मी हे विचारलं, सर हसले आणि घड्याळाकडे बघितलं. सहा वाजले होते.

चौथा शनिवार पक्षांतरावर. गोव्यात हा विषय शिकवायचा म्हणजे मासे विकणारणीला पापलेट दाखवण्यासारखं. सगळ्यांना सगळं पाठ. १९७९ ला मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांचं सरकार स्वतःचेच आमदार फिरल्याने गेलं ते वडिलांकडून ऐकलेलं, २०१९ च्या जुलैत पंधरातले दहा काँग्रेस आमदार भाजपमध्ये, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अकरातले आठ, आणि तेही त्याच वर्षी निवडणुकीआधी देऊळ, क्रॉस आणि दर्गा तिन्हीकडे नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा घालून झाल्यावर. हिशोब सगळ्यांना माहीत, दोन तृतीयांश झाले की विलीनीकरण, एकटा गेला तर अपात्र, टोळीने गेला तर सुरक्षित.

तर अमेरिकेत काय? कायदाच नाही. आज रिपब्लिकन, उद्या डेमोक्रॅट, सीट तुमचीच. व्हिप आहे, म्हणजे व्हिप नावाचा पदाधिकारी आहे, तो मतं मोजतो, मस्का लावतो, धमकावतो, पण विरुद्ध मत दिलं म्हणून घरी पाठवू शकत नाही. २०१७ च्या जुलैत जॉन मॅकेनने रात्री दीडच्या सुमारास सिनेटमध्ये अंगठा खाली केला आणि स्वतःच्याच पक्षाचं ओबामाकेअर (ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा) मोडायचं बिल ४९ विरुद्ध ५१ ने पाडलं, सोबत अजून दोन रिपब्लिकन बाया होत्या, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की, आणि कोणाची सीट गेली नाही. आपल्याकडे व्हिप मोडून असं मत दिलं असतं तर नोटीस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी.

आणि सगळ्यात गोंयकार वाटावी अशी गोष्ट २००१ ची. सिनेट बरोबर ५०-५०, उपराष्ट्राध्यक्षाच्या मतावर रिपब्लिकनांचा ताबा, आणि व्हरमाँटचा जिम जेफर्ड्स पक्ष सोडून अपक्ष झाला, डेमोक्रॅटच्या बाजूला बसला. एक माणूस उठला आणि अख्ख्या सिनेटची सत्ता फिरली, कमिट्यांचे अध्यक्ष बदलले. वर्गातून चक्क टाळ्या पडल्या, आपल्या माणसाने परदेशात नाव काढल्यासारख्या.

पण मग तिकडे रोज का उड्या मारत नाहीत? याचं उत्तर आर्लन स्पेक्टर. पेनसिल्व्हेनियाचा, जवळजवळ तीस वर्षं रिपब्लिकन सिनेटर, २००९ मध्ये डेमोक्रॅट झाला, राष्ट्राध्यक्ष ओबामा पाठीशी, सगळे मोठे पाठीशी, आणि २०१० मध्ये डेमोक्रॅटच्याच प्रायमरीत मतदारांनी त्याला पाडलं. म्हणजे नव्या पक्षाचे नेते हार घालायला तयार असले तरी तिकीट त्यांच्या हातात नाही. आता इथे आठवा, आपल्याकडे पक्ष बदलणाऱ्याला आधी काय मिळतं? पुढच्या वेळच्या तिकिटाचा शब्द. तो शब्द देणाराच तिकडे नाही. अर्थात हे दर वेळी चालतं असंही नाही, न्यू जर्सीचाच जेफ व्हॅन ड्रू डेमोक्रॅट म्हणून निवडून आला, २०१९ च्या शेवटी रिपब्लिकन व्हायचं ठरवलं आणि २०२० ला रिपब्लिकन म्हणून परत आला. सर म्हणाले, बघा, तिकडेही पचतं. मी म्हटलं, पचतं, पण भूक मतदाराची असावी लागते. (हे वाक्य घरी बायकोला सांगितलं, तिने डाळीला फोडणी दिली.)

दुसरी गोष्ट म्हणजे फुटून सरकारच पडत नाही तर फुटायचं भाव तरी काय मिळणार. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळा निवडलेला, हाउसचा सदस्य दोन वर्षांसाठी, सिनेटर सहा, तारखा ठरलेल्या. मंत्रिपद हवं असेल तर काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, सीट सोडावी लागते. म्हणजे आमदार, मंत्री आणि महामंडळाचा चेअरमन असं थ्री इन वन पॅकेज नाहीच. २०२३ च्या जानेवारीत केविन मॅकार्थीला स्पीकर व्हायला १५ फेऱ्या लागल्या, ऑक्टोबरमध्ये त्याच्याच पक्षाच्या आठ जणांनी विरोधकांबरोबर मत देऊन २१६ विरुद्ध २१० ने त्याला खाली खेचला, तीन आठवडे हाउसला धड स्पीकर नाही, आणि राष्ट्राध्यक्ष बायडन आपले जागच्या जागी. तसं झालं की कामं मात्र अडतात हो, राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, सभागृह दुसऱ्याचं, बजेट लटकलेलं, सरकारी ऑफिसं बंद. सरांना हे कौतुकाने सांगायची सवय आहे, मला नाही एवढं कौतुक वाटलं. आपल्याकडे सरकार पडतं आणि तिकडे बंद पडतं, एवढाच फरक असेल तर काय मिळवलं?

पाचवा शनिवार वाया गेला असं म्हणणार नाही पण जवळपास. एक तर आयत्या वेळी रविवारी सकाळी ढकलला, मेसेज शनिवारी दुपारी एकला, चौघं जण काणकोण-वाळपईकडून येणारे होते ते निघालेसुद्धा होते. त्यात विषय दोन, पैसा आणि तिसरा पक्ष, आणि दोन्ही अर्धवट. पैशावर वीस मिनिटं. २०१० चा सिटिझन्स युनायटेड निकाल, त्यानंतर कंपन्यांनी आणि संघटनांनी स्वतंत्रपणे वाटेल तेवढा खर्च करायची मुभा, असा खर्च करणाऱ्या समित्या म्हणजे सुपर पॅक, इतकंच. खरंतर पक्षाचं वजन तिकडे का कमी झालं याची अर्धी गोष्ट तिथेच आहे, पैसा पक्षाच्या तिजोरीतून न जाता बाहेरच्या बाहेरच उमेदवाराच्या बाजूने ओतला जात असेल तर पक्षाला विचारतो कोण. यावर अख्खा शनिवार हवा होता.

तिसऱ्या पक्षावर, राष्ट्राध्यक्षपदाला अपक्ष उभा राहिलेला रॉस पेरो १९९२, जवळजवळ १९ टक्के मतं आणि इलेक्टोरल मतं (राज्यांच्या हिशोबाने मोजली जाणारी, ज्यांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो ती) शून्य. ग्रीन पक्षाचा नेडर २०००, फ्लोरिडात ९७ हजारांवर मतं आणि बुश तिथे जिंकला ५३७ मतांनी. ठीक. सर म्हणाले जो पुढे तो जिंकला अशी पद्धत असली की दोनच पक्ष उरतात. अहो पण पद्धत तर आपल्याकडेही तीच आहे! चाळीस जागांच्या विधानसभेत आपल्याकडे मगो आहे, गोवा फॉरवर्ड आहे, आरजी आहे, आप आहे. सरांकडे उत्तर नव्हतं. मी नंतर बसमध्ये विचार केला तो असा, आपल्या मतदारसंघात मतदार साधारण तीस हजारांच्या आसपास, एखादा माणूस घरोघर फिरून, लग्नं-बारशी-मयतं करून स्वतःच्या नावावर निवडून येऊ शकतो, तिकडे हाउसच्या एका मतदारसंघात साडेसात लाखांवर लोकसंख्या. आणि मुख्य म्हणजे ज्याला आपल्याकडे वेगळी चूल मांडावी लागते तो तिकडे मोठ्या घरातच प्रायमरी लढतो. भांडण आतच होतं, म्हणून बाहेर दुकानं कमी. बरोबर की चूक माहीत नाही, पण बाराशे भरून हे मलाच शोधावं लागलं.

सहावा शनिवार म्हणजे पैसे वसूल. सरांनी वर्गातच प्रायमरी घेतली. दोन पक्ष, भजी पक्ष आणि बन पक्ष, सहाच्या चहाबरोबर काय मागवायचं त्यावर. भजी पक्षात उमेदवार तीन, मिरची, कांदा आणि कापां. पहिली फेरी बंद प्रायमरी, म्हणजे भजीवाल्यांनीच मत द्यायचं, मिरची जिंकली. मग खुली प्रायमरी, कोणीही कुठेही एकदाच मत द्या, तर बनवाले सगळे उठून भजीच्या पेटीत आले आणि कापांना जिंकवून गेले, कारण त्यांना माहीत की फायनलला कापां बनसमोर टिकणार नाहीत. हे कोणी शिकवलं नव्हतं हां, दोन मिनिटांत आपसूक झालं. सरांचं म्हणणं, तिकडे सगळे याचीच भीती घालतात, प्रत्यक्षात एवढ्या शिस्तीने कोणी करत नाही. आमच्याकडे बावीसातल्या नऊ जणांनी केलं.

मिरचीचे उमेदवार होते पंच बाब. हरल्याबरोबर म्हणाले, आता मी अपक्ष. सरांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं, बहुतेक राज्यांत तसं चालत नाही, प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या नावाने मतपत्रिकेवर येऊ देत नाहीत, कनेक्टिकटसारख्या थोड्या ठिकाणी चालतं, तिथे जो लीबरमन २००६ ला प्रायमरी हरून अपक्ष उभा राहिला आणि जिंकला. पंच बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तो कायदो मात हांगा हाडूं नाका सर, अर्दें गोंय घरा बसतलें." (तो कायदा तेवढा इथे आणू नका, अर्धा गोवा घरी बसेल.) शेवटी भजी आणि बन दोन्ही आले, बिल सरांनी दिलं.

तर आता कामाचं. नोट्स इंग्रजीत आहेत, क्लास मराठीतून म्हणून जाहिरात करून नोट्स इंग्रजीत देणं मला खटकलं, झेरॉक्सही फिकट, नकाशात तर कुठलं राज्य लाल आणि कुठलं निळं सगळं करडं. ज्यांना नुसतं ट्रम्प चांगला की वाईट यावर वाद घालायचाय त्यांनी येऊ नये, सर तिथे तोंड उघडत नाहीत. कॉलेजच्या पोरांना परीक्षेसाठी उपयोग होईल की नाही सांगता येत नाही, क्रमाने काही शिकवत नाहीत. माझ्यासारख्याला, म्हणजे बातम्या बघतो पण आतलं यंत्र दिसत नाही अशाला, चारशे-पाचशेला मिळणाऱ्या पुस्तकापेक्षा हे बरं.

पाचपैकी साडेतीन देतो, पाचव्या शनिवारचा अर्धा कापला, पंख्याचा अर्धा, नोट्सचा अर्धा. पुढची बॅच चवथीनंतर आहे म्हणाले, फी तीच. गाडी खाली लावा आणि खिडकीजवळची खुर्ची पकडा, आणि मागच्या रांगेत पंच बाब दिसले तर त्यांच्या शेजारी बसा, त्यांनी परत नाव घातलंय.